आत्याबाईंसाठीं लॅपटॉप

स्वतःसाठीं वस्तु विकत घेणें सोपें असतें. दुसऱ्यासाठीं घेणें अवघड. चपला घ्यावयाच्या तर ज्याच्या पायांत त्या घालावयाच्या त्याला दुकानांत न्यावें लागतें, निदान त्याच्या पावलाचें माप कागदावर काढून न्यावें लागतें, एवढें शहाणपण प्रत्येक घराला असतें. परंतु हेंच घर जेव्हां एखाद्या वडीलधाऱ्या माणसासाठीं लॅपटॉप घ्यावयास निघतें, तेव्हां माप बहुधा घेणाऱ्याच्याच पायाचें असतें. जो पुतण्या दिवसभर कचेरींत मोठमोठीं कोष्टकें चालवितो, तो आपल्यासारखाच भारी लॅपटॉप काकूंनाही घेतो. आणि ज्याला खर्चाची धास्ती असते, तो बाजारांतला सर्वांत स्वस्त उचलतो. पहिल्या प्रकारांत पैसा वायां जातो. दुसऱ्यांत पैसा जातो आणि त्याबरोबर त्या माणसाची शिकण्याची उमेदही जाते.

स्वस्त आणि सोयीचें यांतील अंतर या यंत्राच्या इतिहासांतच दिसून येतें. १९८१ सालीं अमेरिकेंत ऑस्बोर्न-१ नांवाचा संगणक निघाला. तो हातांत धरून कोठेंही नेतां येतो असें त्याचें कौतुक होतें; पण त्याचें वजन सुमारें ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा आणि किंमत १,७९५ डॉलर. पुढें २००७ सालीं तैवानच्या असूस कंपनीनें ‘ई पीसी’ नांवाचा चिमुकला लॅपटॉप काढला. ७ इंचांचा पडदा, ४ जी. बी. साठवण आणि किंमत त्या काळच्या लॅपटॉपांच्या मानानें फारच थोडी. तशा यंत्रांची कांहीं वर्षें लाट आली आणि ओसरली. कारण पडद्यावरचें धड वाचतां येईना, कळा बोटांना पुरेनात, आणि दोन कामें एकदम सांगितलीं कीं यंत्र धापा टाकूं लागे. आजचा अत्यंत स्वस्त लॅपटॉपही याच वंशांतला असूं शकतो. म्हणून ‘केवढ्याला?’ हा प्रश्न मागाहून विचारावा, आधीं ‘कशाला?’ हें विचारून घ्यावें.

सांगलीच्या एका आत्याबाईंचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेवावें. अशा आत्याबाई बहुतेक कुटुंबांत आहेत, तेव्हां नांवाची गरज नाहीं. वय ६८, यजमान जाऊन सात वर्षें झालेलीं, कुटुंब-निवृत्तिवेतनावर घर चालतें, मुलगी कॅनडांत, पुतण्या पुण्यास. हातांत फोन आहे, पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यावरही बारीक अक्षर वाचतांना त्रास होतो. बँकेचा हिशेब पाहणें असो, रेल्वेचें तिकीट काढणें असो, कीं महिला मंडळाचा जमाखर्च पाठविणें असो, दर वेळीं शेजारच्या मुलाला हांक मारावी लागते आणि त्याला पासवर्ड सांगावा लागतो. मुलगा सज्जन आहे. तरी आपल्या तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या खिशांत आहे, ही टोचणी आत्याबाईंच्या मनांतून जात नाहीं. त्यांनीं पुतण्यास निरोप धाडला : लॅपटॉप हवा आहे, तो आपल्याच पैशांनीं घ्यावयाचा आहे, आणि पैसे ३५,००० च्या वर नाहींत.

या निरोपांतील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. ३५,००० रुपये ही कित्येक महिन्यांची काटकसर आहे. ती चुकली तर पुन्हां तेवढी शिल्लक पडेपर्यंत वर्ष उलटेल, आणि मधल्या काळांत ‘हें आपल्याला जमणारें नव्हेच’ अशी समजूत पक्की होईल. तेव्हां पुतण्यानें दुकानांत जाण्यापूर्वीं करावयाचें काम म्हणजे सांगलीस दोन दिवस राहणें आणि आत्याबाईंना काय काय करावयाचें आहे याची यादी त्यांच्याच तोंडून लिहून घेणें. यादी अशी निघते : मुलीशीं समोरासमोर पाहून बोलणें, बँकेचें खातें पाहणें, मंडळाचा जमाखर्च व पत्रें मराठींत लिहिणें, नातवंडांचीं छायाचित्रें साठविणें, कीर्तनें आणि जुनीं नाटकें पाहणें, आणि मराठी विश्वकोश, जो आतां इंटरनेटवर विनामूल्य वाचतां येतो, तो मोठ्या अक्षरांत वाचणें. चित्रपटांची कापाकापी नाहीं, खेळ नाहींत, नकाशे आंखणें नाहीं. पावलाचें माप तें हेंच.

यादी करतांना आणखी एक गोष्ट कळून येते. कांहीं कामें लॅपटॉपचीं नसतातच, फोनचीं असतात. हयातीचा दाखला हें याचें उत्तम उदाहरण. ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची योजना नोव्हेंबर २०१४ मध्यें सुरू झाली. संगणकावरून तो दाखला द्यावयाचा तर बोटांचा ठसा किंवा डोळ्यांतील बुबुळ टिपणारें निराळें उपकरण जोडावें लागतें. परंतु २०२१ पासून अँड्रॉइड फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला देण्याची सोय झाली आहे. केवळ दाखल्यासाठीं कोणी लॅपटॉप घेत असेल तर त्यानें तो घेऊं नये. त्याचप्रमाणें ज्यांना फक्त पाहावयाचें आणि बोलावयाचें आहे, त्यांचें काम मोठ्या पडद्याच्या टॅबलेटवरही भागतें. आत्याबाईंना मात्र लिहावयाचें आहे, जमाखर्चाचे रकाने मांडावयाचे आहेत. लिहिणाऱ्याला कळफलक लागतो. म्हणून येथें लॅपटॉपच योग्य.

आतां यंत्राच्या पोटांत काय असावें तें पाहणें प्राप्त आहे. दुकानांतील पाटीवर वीस गोष्टी लिहिलेल्या असतात. घरच्या कामाला त्यांपैकीं तीन महत्त्वाच्या. पहिली रॅम. रॅम म्हणजे स्वयंपाकघरांतला ओटा. ओटा लहान असला कीं एक पातेलें उतरल्याशिवाय दुसरें ठेवतां येत नाहीं. विंडोज-११ या प्रणालीला किमान ४ जी. बी. रॅम लागते, असें ती करणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी सांगते. पण तेवढ्या जागेंत त्या प्रणालीचा स्वतःचाच पसारा जेमतेम मावतो. व्यवहारांत ८ जी. बी. हाच किमान आंकडा धरावा. १६ असल्यास उत्तम, पण आत्याबाईंच्या यादीला त्याची निकड नाहीं. स्वस्त यंत्रांत रॅम पुष्कळदां मूळ पाटीवर डाख देऊन कायमची बसविलेली असते. ती पुढें वाढवितां येत नाहीं. वाढविण्याची जागा आहे कीं नाहीं, हें घेतांनाच विचारावें.

दुसरी साठवण. ओट्यामागची ही कोठीची खोली होय. पूर्वींच्या लॅपटॉपांत गरगर फिरणारी तबकडी असे. तिच्यावरून जिन्नस शोधून आणावयास वेळ लागे. आतां एस. एस. डी. नांवाची साठवण असते. तींत फिरणारा भाग नाहीं, म्हणून यंत्र झटपट सुरू होतें. जुन्या यंत्राची तबकडी काढून एस. एस. डी. बसविली तर तेंच यंत्र तरुण झाल्यासारखें वाटतें. परंतु येथें एक फसवी जागा आहे. अगदीं स्वस्त लॅपटॉपांत ई. एम. एम. सी. या जातीची साठवण असते, आणि ती बहुधा ६४ जी. बी. असते. विंडोज-११ ला किमान जागाच ६४ जी. बी. लागते. म्हणजे घर घेतलें आणि मालकाच्याच सामानानें तें भरून गेलें! शिवाय हीही साठवण डाख दिलेली असल्यामुळें बदलतां येत नाहीं. आत्याबाईंना २५६ जी. बी. एस. एस. डी. पुरेल, थोड्या फरकानें ५१२ मिळत असेल तर ती घ्यावी.

तिसरा प्रोसेसर. दुकानदार सर्वांत अधिक बोलतो तो याच्याविषयीं. इंटेल कंपनीचा आय-३ किंवा ए. एम. डी. कंपनीचा रायझन-३, अलीकडच्या पिढीचा असला म्हणजे यादींतील सर्व कामें निर्वेध होतात. जानेवारी २०२३ मध्यें आलेला इंटेलचा एन-१०० हा चार गाभ्यांचा, अत्यल्प वीज खाणारा प्रोसेसरही एवढें काम सांभाळतो. मात्र तो ज्यांत आहे त्या यंत्राची किंमत त्या मानानें खरोखरच उतरलेली असावी. आत्याबाईंना आय-७ घेऊन देणें म्हणजे एका कपाच्या चहासाठीं लग्नांतलें पातेलें चुलीवर चढविण्यासारखें आहे.

यंत्राचें पोट पाहून झालें कीं डोळे आणि हात यांच्या सोयीकडे वळावें. येथें काटकसर करूं नये. पडदा १५.६ इंचांचा असावा आणि त्याचे बिंदु १,९२० गुणिले १,०८० असावेत. स्वस्त पडद्यांचे बिंदु १,३६६ गुणिले ७६८ असतात व त्यावर अक्षराच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. मराठींतील वेलांट्या, रफार आणि अनुस्वार वाचणाऱ्याला हा फरक चटकन् जाणवतो. आय. पी. एस. जातीचा पडदा बाजूनें पाहिला तरी फिका पडत नाहीं. पडद्याला आरशासारखी चकाकी नसावी. नाहींतर खिडकीचा उजेड त्यांत तरळत राहतो. कळफलकावर आत्याबाईंनीं स्वतः चार ओळी लिहून पाहाव्या. वजनाची मात्र फारशी चिंता नको. लॅपटॉप एकाच टेबलावर राहावयाचा आहे. तो अर्धा किलो हलका असावा म्हणून पांच हजार अधिक मोजणें व्यर्थ आहे.

यानंतर प्रणालीचा विचार. दार कितीही भक्कम असलें तरी कुलूप जुनें झालें तर तें दार सुरक्षित राहत नाहीं. विंडोज-१० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज-११ ला इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. येथें पुतण्याच्या मनांत एक मोह उभा राहतो. त्याच्या माळ्यावर २०१५ सालचा लॅपटॉप पडून आहे. तो फुकट देतां येईल. परंतु त्या यंत्राला विंडोज-११ रीतसर चालत नाहीं. त्यांत एस. एस. डी. बसवून लिनक्स ही मुक्त प्रणाली घालतां येईल. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें तिचा पाया घातला, आणि यादींतलीं बहुतेक कामें ती बिनतक्रार करते. अडचण निराळीच आहे. मध्येंच कांहीं अडलें तर सांगलींत हांक कोणाला मारावयाची? पुतण्या दर महिन्यास जाणार असेल तर जुनें यंत्र खुशाल द्यावें. जाणार नसेल तर फुकट वस्तु महाग पडते. शिवाय आत्याबाईंनीं माळ्यावरची अडगळ मागितलेली नाहीं; आपल्या पैशांनीं घेतलेली वस्तु मागितली आहे.

क्रोमबुक हा आणखी एक मार्ग आहे. २०११ पासून मिळणारे हे लॅपटॉप मुख्यतः इंटरनेटवरच काम करतात, रॅम थोडी असली तरी चालतात आणि बिघडण्यासारखें त्यांत फारसें नसतें. त्यांना दहा वर्षें सुरक्षा-दुरुस्ती मिळेल, असें गूगल कंपनीनें २०२३ सालीं जाहीर केलें. पण हीं वर्षें ग्राहकानें विकत घेतल्या दिवसापासून मोजीत नाहींत, तें यंत्र मुळांत बाजारांत आलें तेव्हांपासून मोजतात. दुकानांत तीन वर्षें धूळ खाल्लेलें क्रोमबुक घेतलें तर सातच वर्षें पदरांत पडतात. विंडोज कीं क्रोमबुक, हा वाद तज्ज्ञांना लखलाभ असो. घरच्या माणसानें एवढेंच पाहावें कीं आत्याबाईंच्या शेजारपाजाऱ्यांना, मंडळाच्या चिटणीसबाईंना कोणती प्रणाली परिचित आहे. ज्या भाषेंत मदत मिळते तीच भाषा शिकावी.

वापरलेले, दुरुस्त करून पुन्हां विकावयास ठेवलेले लॅपटॉपही बाजारांत पुष्कळ दिसतात. मोठ्या कचेऱ्यांतून निघालेलीं हीं यंत्रें बांध्यानें मजबूत असतात आणि त्यांचा कळफलक नव्या स्वस्त यंत्राहून सरस असतो. मात्र आंकडा वाचतां आला पाहिजे. ‘आय-५’ एवढ्यावर भुलूं नये. आय-५-७२००यू या नांवांतील ७ हा सातव्या पिढीचा आंकडा आहे. त्याला विंडोज-११ अधिकृतपणें चालत नाहीं. आय-५-८२५०यू हा आठव्या पिढीचा; त्याला चालते. नांवांत एका आंकड्याचा फरक, पण एक यंत्र पुढें चालणार आणि दुसरें अडणार. याखेरीज विजेरी किती उरली आहे हें विचारावें. लिथियमची विजेरी कांहींशें वेळां भरून रिकामी झाली कीं तिची धारणा उतरते. सहा महिन्यांची तरी लेखी हमी नसेल तर अशा यंत्राच्या वाटेस जाऊं नये.

नवा घ्यावयाचा ठरला तर ३५,००० रुपयांत भागेल काय? २०२५ सालीं ८ जी. बी. रॅम, ५१२ जी. बी. एस. एस. डी. आणि आय-३ असलेले लॅपटॉप साधारण ३० ते ४० हजारांत मिळत होते. त्याच वर्षाच्या अखेरीस जगभर रॅमच्या किंमती चढल्या. म्हणून एकाच दुकानावर विसंबूं नये. दोन-तीन ठिकाणीं भाव विचारून घ्यावा. लॅपटॉपवर १८ टक्के जी. एस. टी. असते आणि खोक्यावर छापलेल्या कमाल किंमतींत ती आलेलीच असते. ‘बिलाशिवाय कमी करून देतों’ असें कोणी म्हटलें तर ती सवलत नव्हे. हमीवर पाणी सोडण्याची ती किंमत आहे. पावतीवर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा. दुरुस्तीची सोय सांगलींतच आहे कीं यंत्र कोल्हापूर-पुण्यास न्यावें लागेल, हेंही आधींच विचारावें. तक्रारीची पाळी आलीच तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे.

पैसे मोजण्याच्या वेळीं दुकानांत आणखी चार वस्तु पुढें केल्या जातात. विषाणूंपासून रक्षणाचें कवच विंडोजमध्यें आधींच असतें. घरच्या साध्या वापराला निराळें विकत घेण्याची गरज नाहीं. पत्रें व जमाखर्च लिहिण्यासाठीं २०१० पासून लिब्रे-ऑफिस हें विनामूल्य साधन उपलब्ध आहे. वांचलेल्या पैशांतून एक साधा माऊस मात्र अवश्य घ्यावा. वय झालेल्या बोटांना सपाट पट्टीवरून बाण हालविणें जड जातें.

यंत्र घरीं आलें म्हणजे काम संपलें, असें बहुतेक घरें समजतात. वस्तुतः तेथूनच तें सुरू होतें. पडद्यावरचीं अक्षरें दीडपट मोठीं करावीं. मराठीचा कळफलक चालू करावा. विंडोजमध्यें इन्स्क्रिप्ट ही पद्धति असते. तिच्यांत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजनें येतात. २०१९ पासून रोमन अक्षरांतील उच्चारांवरून मराठी उमटविणारी सोयही तींत आहे. लिहिण्याचा कंटाळा आला तर बोलून लिहवितां येतें. गूगलनें २०१७ सालीं ही सोय मराठीस दिली. शिकवितांना एक नियम पाळावा. माऊस आत्याबाईंच्याच हातांत राहावा. पुतण्यानें हात पाठीमागें बांधून बसावें. जें दुसऱ्यानें करून दाखविलें तें दुसऱ्या दिवशीं विसरतें. जें स्वतः तीनदां चुकत केलें तें अंगवळणीं पडतें. चार संध्याकाळीं याप्रमाणें बसलें तर यादींतील सगळीं कामें एकेकदां हातांखालून जातात.

आणि शेवटीं फसवणुकीविषयीं. एखाद्या दिवशीं पडदा लाल होऊन ‘आपलें यंत्र बिघडलें आहे, या क्रमांकावर फोन करा’ असा मजकूर झळकतो. तो खोटा असतो. यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें. फोन करूं नये, आणि परक्या माणसाच्या सांगण्यावरून कोणतेंही साधन लॅपटॉपवर उतरवूं नये. कोणी पोलिसाचा वेष करून चलत्-चित्रांतून ‘तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे’ असें म्हटलें, तरी कायद्यांत तसा कांहीं प्रकार नाहीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें पंतप्रधानांनीं ‘मन की बात’ या नभोवाणीवरील भाषणांतही हें सांगितलें होतें. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें. हे दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून लॅपटॉपच्या शेजारीं भिंतीवर चिकटवावे.

राहतां राहिला तो बँकेचा पासवर्ड. जुना पासवर्ड शेजारच्या मुलाला ठाऊक आहे. म्हणून नव्या लॅपटॉपवर करावयाचें पहिलें काम म्हणजे तो बदलणें. आत्याबाई तो टंकीत असतांना पुतण्यानें उठून खिडकीपाशीं जावें आणि बाहेर पाहावें. नवा पासवर्ड एका वहींत लिहिला जाईल, वही कपाटांत जाईल आणि कपाटाची किल्ली कमरेला राहील. पुतण्याने तो विचारूं नये. आत्याबाईंनीं सांगूंही नये. ३५,००० रुपयांत जी वस्तु खरोखर घ्यावयाची होती ती हीच. रॅम, साठवण आणि पडदा हीं तिचीं साधनें.